केनिया पीपल्स युनियन : एका अल्पायुषी विरोधी पक्षाचा इतिहास (१९६६–१९६९)

दिनांक ३० ऑक्टोबर १९६९ रोजी केनियाच्या सरकारने 'केनिया पीपल्स युनियन' ह्या पक्षावर बंदी घातली. त्या दिवशी पक्षाचे वय अवघे साडेतीन वर्षांचे होते. त्याच्या आयुष्यात देशात एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही आणि १९६६ च्या पोटनिवडणुकांनंतर संसदेत त्याची सभासदसंख्या कधी डझनाच्या पलीकडे गेली नाही. असे असूनही केनियाच्या पुढील दोन दशकांच्या राजकारणाला जे वळण लागले त्याचा उगम शोधू गेल्यास तो ह्या लहानशा पक्षाच्या चरित्रात सापडतो. सामान्यतः ह्या पक्षाची बोळवण एका वाक्यात केली जाते : ओगिंगा ओडिंगा ह्यांचा तो लुओ जमातीचा पक्ष होता आणि किसुमूच्या दंगलीनंतर तो बुडाला. हे वाक्य १९६९ पुरते बव्हंशी खरे आहे. १९६६ पुरते ते खरे नाही. ह्या दोन सालांच्या दरम्यान काय घडले, हाच ह्या पक्षाच्या इतिहासातील खरा प्रश्न होय.

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला आणि बरोबर एक वर्षाने प्रजासत्ताक बनला. स्वातंत्र्याच्या वेळी दोन प्रमुख पक्ष होते. किकुयू व लुओ ह्या मोठ्या जमातींच्या आधारावर उभा असलेला 'केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन', म्हणजेच कानू, सत्तेवर आला. लहान जमातींचे हितसंबंध सांभाळू पाहणारा काडू विरोधी बाकांवर बसला. नोव्हेंबर १९६४ मध्ये काडूने आपण होऊन स्वतःचे विसर्जन केले आणि त्याचे सभासद सरकारी बाकांवर जाऊन बसले. त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या मतदारांकडे जाऊन पुन्हा कौल मागावा लागला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

विरोधी पक्ष नाहीसा झाला म्हणून विरोध नाहीसा झाला नाही. तो कानूच्या पोटात शिरला. मतभेदाचा मुख्य विषय जमिनीचा होता. वसाहतकाळात 'गोऱ्यांचे पठार' म्हणून राखून ठेवलेली सुपीक जमीन स्वातंत्र्यानंतर कोणाच्या हाती जावी आणि कोणत्या अटींवर, ह्यावर पक्षात दोन तट पडले. १९६२ पासून सुरू झालेल्या 'दशलक्ष एकर' योजनेत गोऱ्या मळेवाल्यांची जमीन बाजारभावाने विकत घेऊन ती आफ्रिकन कुटुंबांना वाटण्यात येत होती. खरेदीसाठी पैसा प्रामुख्याने ब्रिटिश कर्जातून येई आणि ज्याला जमीन मिळे त्याच्या डोक्यावर हप्त्यांचा बोजा बसे. आपल्याच पूर्वजांची जमीन आपणच कर्ज काढून विकत का घ्यावी, असा प्रश्न बिल्डाड काग्गिया विचारीत. काग्गिया स्वतः किकुयू होते. १९५२ मध्ये अटक होऊन कापेंगुरिया येथील खटल्यात जोमो केन्याटा धरून ज्या सहा जणांना शिक्षा झाली, त्यांतील ते एक. स्वतंत्र केनियाच्या सरकारात त्यांना शिक्षण खात्यात दुय्यम मंत्रिपद मिळाले होते, परंतु जमिनीच्या प्रश्नावर गप्प बसण्यास नकार दिल्यामुळे १९६४ मध्येच ते त्यांना सोडावे लागले. एप्रिल १९६५ मध्ये काग्गियांच्याच कांडारा मतदारसंघात केन्याटांनी त्यांना जाहीर सभेत फटकारले. आपल्याबरोबर तुरुंगात असलेल्या इतरांची नावे घेऊन त्यांनी विचारले, की ह्या मंडळींनी घरे बांधली, शेती केली, धंदा उभारला. काग्गिया, तू स्वतःसाठी काय केलेस? सत्याग्रही परंपरेत वाढलेल्या वाचकास हा प्रश्न उलटा वाटेल. त्यागाचा पुरावा मागण्याऐवजी येथे संपत्तीचा पुरावा मागितला गेला. पण केन्याटांच्या दृष्टीने तो सरळ होता. ज्याला स्वतःचे शेत पिकविता येत नाही त्याने दुसऱ्याला जमीन वाटण्याच्या गोष्टी करू नयेत, हा किकुयू समाजातील सधन शेतकऱ्याचा न्याय होता, आणि श्रोत्यांपैकी अनेकांना तो पटणाराही होता.

दुसऱ्या तटाची भूमिका १९६५ च्या दहाव्या क्रमांकाच्या सरकारी निवेदनात शब्दबद्ध झाली. त्याचे शीर्षक 'आफ्रिकन समाजवाद' असे होते आणि त्याचे श्रेय नियोजनमंत्री टॉम म्बोया ह्यांच्याकडे जाते. समाजवाद हा शब्द शीर्षकात आहे. आशयात मात्र खाजगी मालमत्ता, परकी भांडवल आणि उत्पादनवाढ ह्यांना अग्रस्थान आहे. विकासाचा पैसा जेथे त्याचा परतावा सर्वांत अधिक मिळेल अशाच प्रदेशांत, म्हणजे चांगली जमीन, पुरेसा पाऊस व रस्ते असलेल्या भागांत, गुंतवावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे प्रदेश कोणते, हे केनियात कोणाला सांगावे लागत नव्हते. राष्ट्रीय हिताच्या भाषेत लिहिलेले हे वाक्य नकाशावर ठेवले की त्याला प्रांत आणि जमात मिळत असे.

ह्या दोन तटांच्या मध्ये जो थोडासा पूल होता तो फेब्रुवारी १९६५ मध्ये कोसळला. पिओ गामा पिंटो हे मूळ गोव्याचे. त्यांचा जन्म १९२७ मध्ये नैरोबीत झाला, शिक्षण हिंदुस्थानात झाले. गोवामुक्तीच्या चळवळीत भाग घेऊन ते १९४९ मध्ये केनियात परतले आणि आणीबाणीच्या काळात १९५४ ते १९५९ पर्यंत स्थानबद्धतेत राहिले. १९६४ मध्ये ते संसदेत आले. ओडिंगांच्या गटाचे संघटक, वृत्तपत्रव्यवसायी आणि संसदीय डावपेचांचे जाणकार म्हणून त्यांचे स्थान मोठे होते. दिनांक २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराच्या फाटकापाशी गोळ्या घालून त्यांचा खून करण्यात आला. स्वतंत्र केनियातील हा पहिला राजकीय खून मानला जातो. पिंटो केनिया पीपल्स युनियनचे सभासद कधीच नव्हते; पक्ष जन्मला तेव्हा त्यांना जाऊन वर्ष उलटले होते. परंतु ते जिवंत असते तर पक्षाची संघटना इतकी विस्कळीत राहिली नसती, असे मानण्यास जागा आहे.

मार्च १९६६ मध्ये लिमुरू येथे कानूचे अधिवेशन भरले. ओडिंगा तेव्हा देशाचे उपराष्ट्राध्यक्ष व पक्षाचे उपाध्यक्ष होते. अधिवेशनात पक्षाचे एकमेव उपाध्यक्षपद रद्द करून त्याऐवजी प्रत्येक प्रांतामागे एक अशी आठ उपाध्यक्षपदे निर्माण करण्यात आली. ओडिंगांना काढून टाकण्याची गरजच उरली नाही. त्यांच्या पायाखालची फळी तेवढी काढून घेतली गेली. मध्य प्रांताच्या जागेसाठी काग्गिया प्रथम निवडून आले, तेव्हा पुन्हा मतदान घेऊन ती जागा जेम्स गिचुरू ह्यांना देण्यात आली. ह्या सर्व व्यूहाचे रचनाकार पक्षाचे सरचिटणीस टॉम म्बोया हे होते, आणि म्बोया स्वतः लुओ होते. ओडिंगांचा संघर्ष १९६६ मध्ये किकुयू विरुद्ध लुओ असा नव्हता, ह्याचा ह्याहून ठळक पुरावा मिळणे कठीण.

एप्रिलच्या मध्यास ओडिंगांनी उपराष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि नव्या पक्षाचे नेतृत्व स्वीकारले. काग्गिया उपाध्यक्ष झाले. कापेंगुरियाच्या सहा जणांपैकी आचिएंग ओनेको ह्यांनीही मंत्रिपद सोडून पक्षात प्रवेश केला. ओडिंगांच्या रिकाम्या जागी जोसेफ मुरुंबी ह्यांची नेमणूक झाली. मुरुंबींचे वडील गोमंतकीय व आई मसाई जमातीची. त्यांचे शिक्षण दक्षिण हिंदुस्थानात झाले होते आणि पिंटोंशी त्यांची जवळीक होती. त्या वर्षअखेरच मुरुंबींनीही पद सोडले व जानेवारी १९६७ मध्ये ते डॅनिएल अराप मोई ह्यांच्याकडे गेले.

नव्या पक्षाच्या जाहीरनाम्याचे नाव 'वनांची घोषणापत्र' असे होते. ह्या शब्दापाशी थोडे थांबणे अप्रस्तुत होणार नाही. स्वाहिलीत 'म्वाना' म्हणजे मूल आणि 'न्ची' म्हणजे देश वा भूमी. 'म्वानान्ची' हे एकवचन, 'वनांची' हे अनेकवचन. अर्थाच्या घडणीने हा शब्द आपल्या 'भूमिपुत्रा'चा जुळा भाऊ शोभतो. पण मराठीत 'भूमिपुत्र' ह्या शब्दाने हळूहळू परप्रांतीयास वगळणारा अर्थ धारण केला, तर केनियात 'वनांची' म्हणजे सत्तेबाहेरची सर्वसाधारण जनता, असा अर्थ रूढ होता. घोषणापत्राने हाच अर्थ पकडला. भूमिहीनांना मोफत जमीन, मोफत शिक्षण, प्रमुख उद्योगांवर राष्ट्राची मालकी, परकी प्रभावाला आळा अशा मागण्या त्यात होत्या. जमातीच्या नावाने मागितलेली अशी एकही गोष्ट नव्हती. पक्षाचे निवडणूकचिन्ह बैलाचे होते, आणि 'दुमे', म्हणजे नर, पोळ, ही त्याची आरोळी. कानूचे चिन्ह कोंबडा होते. कोंबडा पहाट झाल्याची वर्दी देतो; ती झालीच नाही, असे ओडिंगांचे म्हणणे. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकही 'अजून उहुरू नाही' ह्या अर्थाचेच आहे. 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. मूळ अरबी 'हुर्र' ह्या शब्दाला स्वाहिलीचा भाववाचक उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. उलट केन्याटांची घोषणा होती 'हरांबे', म्हणजे एकजुटीने ओढा. हा शब्द रेल्वेच्या हिंदी मजुरांच्या 'हर अंबे' ह्या पुकाऱ्यापासून आला, ही समजूत पूर्व आफ्रिकेत व गुजरातेत लोकप्रिय आहे. पण तिला लोकव्युत्पत्तीपलीकडे विशेष आधार नाही.

ओडिंगांना पाश्चात्त्य वृत्तपत्रे सरसकट कम्युनिस्ट म्हणत. चीन व सोव्हिएत संघाशी त्यांचे संबंध होते, तेथून शिष्यवृत्त्या व पैसाही येई. म्बोयांना अमेरिकेकडून मिळणारी मदत हे त्याचेच दुसरे टोक होते. परंतु ज्या माणसाने १९४७ मध्ये लुओ लोकांची भागभांडवलाची व्यापारी संस्था उभारली, व्यापाराविना आफ्रिकन माणसाला स्वाभिमान नाही असा धडा शिकविला, त्याला मार्क्सचा अनुयायी ठरविणे हे शीतयुद्धाच्या घाईचे लक्षण होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. नव्या पक्षाचा पाया निरनिराळ्या जमातींतील असंतुष्ट खासदारांचा होता. हा पाया खचविण्याचे काम दंडुक्याने नव्हे, तर प्रथम कायद्याने झाले. एप्रिल १९६६ च्या अखेरीस संसदेने घाईघाईने घटनादुरुस्ती केली : ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला तो पक्ष सोडणाऱ्या सभासदाने आपली जागा सोडून पुन्हा मतदारांकडे गेले पाहिजे. तत्त्व म्हणून ह्यात गैर काही नाही. भारतानेही १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा केला. पण काडूच्या सभासदांनी सतरा महिन्यांपूर्वी हेच केले तेव्हा हे तत्त्व कोणास सुचले नव्हते. सरकारी बाजूकडे येणारे पक्षांतर म्हणजे ऐक्य आणि सरकारी बाजूकडून जाणारे पक्षांतर म्हणजे विश्वासघात, असा भेद प्रथमच घटनेच्या कलमात उतरला. दुरुस्ती होताच काही जण कानूत परत येऊ पाहू लागले. त्यांच्यासाठी दार उघडले गेले नाही.

जून १९६६ मध्ये दोन्ही सभागृहांच्या मिळून २९ जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या. केनियाच्या इतिहासात त्यांना 'छोटी सार्वत्रिक निवडणूक' म्हणतात. कानूला २० जागा मिळाल्या, केनिया पीपल्स युनियनला ९. पडलेल्या एकूण मतांत मात्र नवा पक्ष मागे नव्हता. त्याची मते थोड्या मतदारसंघांत दाटली होती आणि कानूची अधिक मतदारसंघांत पसरली होती. ह्या नऊंपैकी बहुतेक जागा लुओ प्रदेशातल्या मध्य न्यांझा भागातील होत्या. काग्गिया कांडाऱ्यात पडले, ओनेको नाकुरूत पडले. म्हणजे ज्या दोन नेत्यांमुळे पक्षाला जमातीपलीकडचा चेहरा होता, त्यांतील किकुयू नेता आपल्या जमातीत पराभूत झाला आणि दुसरा, लुओ असूनही मिश्र वस्तीच्या शहरातून निवडून आलेला, तेथून बाहेर फेकला गेला. पक्षाची वाणी तीच राहिली, तिचा उच्चार तेवढा एका प्रांताचा झाला.

ह्या पराभवाचे सर्व खापर सरकारवर फोडणेही योग्य होणार नाही. भूमिहीन किकुयूंना काग्गियांचे म्हणणे पटत असले तरी केन्याटा हे त्यांच्या दृष्टीने पक्षनेत्यापेक्षा अधिक काही होते. त्यांच्याविरुद्ध मत देणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याविरुद्ध साक्ष देणे. ज्यांना थोडी का होईना जमीन मिळाली होती, त्यांना ती गमावण्याची भीती होती. ओडिंगांपाशी सभा जिंकणारे वक्तृत्व होते. जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा उभारण्याची चिकाटी त्यांच्या पक्षात दिसली नाही. पण चिकाटी असती तरी तिला वाव कितपत मिळाला असता, हा प्रश्न उरतोच. कारण पुढील तीन वर्षांत सरकारने जी साधने वापरली ती सर्व वसाहतीच्या कोठारातील होती. प्रत्येक शाखेची स्वतंत्र नोंदणी आवश्यक होती. ती टाळली किंवा लांबविली जाई. जाहीर सभेसाठी परवाना लागे, आणि तो देणारा जिल्हाधिकारी राष्ट्राध्यक्षांना जबाबदार होता. १९६६ च्या मध्यास संसदेने सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली चौकशीविना स्थानबद्धतेचा अधिकार सरकारला दिला, व ऑगस्टपासून पक्षाचे कार्यकर्ते त्याखाली पकडले जाऊ लागले. हा अधिकार देणाऱ्यांत गोऱ्या सरकारच्या स्थानबद्धतेत वर्षे काढलेले अनेक जण होते. त्या वर्षअखेर वरिष्ठ सभागृहच रद्द झाले. १९६८ मध्ये परवान्याविना सभा घेतल्याबद्दल काग्गियांना कैदेची शिक्षा झाली.

ह्या सर्वांत विचार करण्याजोगा प्रसंग १९६८ च्या स्थानिक निवडणुकांचा आहे. ऑगस्टमध्ये देशभर नगरपालिका व जिल्हा परिषदांसाठी अर्ज भरण्यात आले. केनिया पीपल्स युनियनच्या उमेदवारांचे अर्ज बहुतेक सर्वत्र अवैध ठरविण्यात आले. कानूच्या उमेदवारांचे स्वीकारले गेले. कारण सांगितले गेले ते अर्ज योग्य रीतीने भरलेले नाहीत हे. अठराशेच्या आसपास अर्ज बाद झाले, असे अभ्यासक सांगतात. केनियाच्या संसदेची भाषा १९७४ पर्यंत केवळ इंग्रजी होती. सभेत मते मागण्याची भाषा स्वाहिली, लुओ वा किकुयू आणि पात्रता ठरविण्याची भाषा इंग्रजी, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. ज्या पक्षाचा आधार इंग्रजी न येणाऱ्या जनतेवर होता, त्याचे मरण मतपेटीत नव्हे तर अर्जातील रकान्यात लिहिले गेले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याच वर्षी घटनेत पुन्हा दुरुस्ती होऊन पक्षाच्या उमेदवारीविना निवडणूक लढविण्याचा मार्गही बंद करण्यात आला.

देशाच्या इतर भागांतून अशा रीतीने हुसकलेला पक्ष लुओ प्रदेशात मात्र घट्ट होत गेला. मे १९६९ मध्ये गेम मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेथील खासदार, मंत्री आर्गविंग्ज-कोधेक, जानेवारीत मोटार अपघातात मरण पावले होते. पक्षाचे उमेदवार वसोंगा सिजेयो ह्यांनी कानूच्या उमेदवाराचा दणदणीत पराभव केला. पुढे काही आठवड्यांतच, ५ जुलै रोजी, नैरोबीच्या भर रस्त्यावर टॉम म्बोयांचा खून झाला. आरोपी किकुयू होता. त्यांच्या अंत्यप्रार्थनेच्या वेळी नैरोबीतील चर्चबाहेर केन्याटांच्या मोटारीवर दगडफेक झाली. ज्या म्बोयांनी ओडिंगांना पक्षाबाहेर काढले, त्यांच्याच मृत्यूने सारा लुओ समाज ओडिंगांच्या पाठीशी आणून उभा केला. दुसऱ्या बाजूस गाटुंडू येथे केन्याटांच्या घरी हजारो किकुयूंना सत्ता जमातीबाहेर जाऊ न देण्याच्या शपथा देण्यात आल्या. 'हा जमातीचा पक्ष आहे' असे सरकार तीन वर्षे म्हणत होते. आता दोन्ही बाजूंनी ते विधान खरे करून दाखविले होते.

शेवट किसुमूत झाला. २५ ऑक्टोबर १९६९ रोजी केन्याटा तेथे सोव्हिएत मदतीने बांधलेल्या रुग्णालयाच्या उद्घाटनास गेले. ह्या मदतीचा करार होण्यात ओडिंगांचा हात होता. दोघे एकाच व्यासपीठावर बसले होते. जमावाने 'दुमे'च्या आरोळ्या दिल्या. केन्याटांनी स्वाहिलीतून ओडिंगांना व त्यांच्या अनुयायांना अत्यंत कठोर, प्रसंगी शिवराळ शब्दांत धमकावले. परतताना ताफ्यावर दगड आले आणि रक्षकांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ११ माणसे मेली. प्रत्यक्षात मृतांची संख्या ह्याहून बरीच मोठी होती, असे किसुमूचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. दोन दिवसांनी ओडिंगा व पक्षाचे खासदार स्थानबद्ध झाले, पाचव्या दिवशी पक्ष बेकायदा ठरला. डिसेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक एकट्या कानूने लढविली.

कायद्याने मात्र केनिया १९८२ पर्यंत एकपक्षीय राज्य नव्हते. त्या वर्षी घटनेत तशी तरतूद झाली आणि डिसेंबर १९९१ मध्ये ती काढून टाकावी लागली. मधल्या बारा-तेरा वर्षांत दुसरा पक्ष काढण्यास कायद्याची मनाई नव्हती. केनिया पीपल्स युनियनचे काय झाले एवढे स्मरण पुरेसे होते. ओडिंगा मार्च १९७१ मध्ये सुटले. ओनेको १९७५ मध्ये सुटले. गेमची पोटनिवडणूक जिंकणाऱ्या सिजेयोंना केन्याटांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, थांबावे लागले. काग्गिया १९६९ मध्येच, बंदीपूर्वी, पक्ष सोडून कानूत परतले होते. पुढे ते राजकारणातून निवृत्त झाले आणि पिठाची गिरणी चालवीत साधेपणाने राहिले. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. ओडिंगांनी १९९१ च्या प्रारंभी वयाच्या ऐंशीच्या घरात पुन्हा एका नव्या पक्षाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला.